हातचा एक

गणिताच्या सरांना अख्खी शाळा 'हातचे सर' म्हणायची. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे किती मागे, तर सरांना ऐकू जाईल इतकंच मागे. सरांना वाटायचं, बेरजेत हातचा मिळवायला विसरणाऱ्या पोरांवर आपण ओरडतो, त्यावरून हे नाव पडलं असेल. माणसाला स्वतःबद्दल काहीही वाटू शकतं. खरं कारण निराळंच होतं आणि ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. सर मार्क देताना हातचं राखून देत.

ते असं. चाचणीत दहा गणितं, प्रत्येकाला दहा मार्क. गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर असलं, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या असल्या, तरी सर नऊच देत. कुणी धीर करून विचारलंच, तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "एक माझ्याकडे ठेवलाय. वार्षिकला बाहेरचे परीक्षक देतील, तेव्हा घे." नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका मुलाला शंभरपैकी शंभर दिले होते. ते पोर त्या शंभरावर असं काही तरंगत राहिलं, की वार्षिक परीक्षेत दाणकन आपटलं. त्या दिवशी सरांनी कानाला खडा लावला, तो एकतीस वर्षं काढला नव्हता.

आणि खोटं कशाला बोला, पद्धत चालत होती. मुलं चिडायची, घरी जाऊन सरांच्या नावाने बोटं मोडायची, आणि त्याच रागात आणखी चार गणितं सोडवायची. वार्षिक परीक्षेचे पेपर बाहेर जायचे, तिथले परीक्षक दहाला दहा द्यायचे आणि निकालाच्या दिवशी मुलं हरखून जायची. सरांचे साठ म्हणजे बाहेरचे सत्तर-पंच्याहत्तर, हे पालकांनाही कळून चुकलं होतं. त्यामुळे तक्रार कुणी केली नाही. सगळ्यांनाच ठाऊक होतं की पुढे भरून मिळणार आहे.

मग साथ आली.

शाळा आधी आठवडाभर बंद झाली, मग महिनाभर, आणि मग कधी उघडणार हे विचारायचंच लोकांनी सोडून दिलं. घंटा मात्र यंत्रावर लावलेली होती. ती कशी थांबवायची हे ज्याला माहीत होतं, तो दुसरीकडे अडकून पडला, आणि रिकाम्या इमारतीत दर चाळीस मिनिटांनी तास बदलत राहिले. इकडे सर घरून, फोनवर शिकवू लागले. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवायचे, आणि पहिला आठवडाभर मुलांना सरांचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसलं.

"सर, वर्तुळ दिसत नाहीये, पंखा दिसतोय!"

"पंखा वर्तुळातच फिरतो. त्याच्याकडे बघ आणि त्रिज्या सांग."

शेवटी सरांची बायको रोज दोन तास फोन हातात धरून समोर बसायला लागली. तिने आयुष्यात गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण महिन्याभरात तिला एक्केचाळीस मुलांचे आवाज ओळखू यायला लागले. कोण खरंच ऐकतंय आणि कोण फोन चालू ठेवून जेवतंय, हे ती सरांना खुणेने सांगायची.

वर्षाच्या शेवटी परीक्षा मंडळाचं पत्रक आलं. वार्षिक परीक्षा होणार नाही. शाळा बंद पडण्याआधी वर्गात झालेल्या तीन चाचण्यांची सरासरी हाच शेवटच्या वर्षाचा निकाल, आणि प्रमाणपत्रावर तोच आकडा छापला जाईल. सरांनी वही काढली, एक्केचाळीस जणांचे मार्क सुवाच्य अक्षरात उतरवून काढले, खाली सही केली, फोटो काढून शाळेला पाठवला आणि पंख्याखाली पाय पसरून बसले. एवढा हुशार माणूस, पण डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला.

"सर, तुमच्या विषयात सगळा वर्गच घसरलाय हो. हीच मुलं भाषेत सत्तर, विज्ञानात बहात्तर, आणि गणितात मात्र दहा-बारा मार्कांनी खाली."

"असणारच," सर म्हणाले. थोडा अभिमानच होता आवाजात. "माझं तपासणं कडक. वार्षिकला वर येतील."

"कुठल्या वार्षिकला, सर?"

बाईंनी दोनदा "हॅलो" म्हटलं. मग त्याच म्हणाल्या, "शनिवारी दुपारपर्यंत यादी मंडळाकडे जाते. त्याच्या आत काय ते सांगा," आणि फोन ठेवला.

हातचा घेतला की पुढच्या घरात मिळवायचा असतो. हे सर तिसरीतल्या पोरालाही झोपेत सांगू शकले असते. आणि आता एक्केचाळीस जणांचा हातचा मुठीत धरून ते बसले होते, नि पुढचं घरच कुणीतरी पाटीवरून पुसून टाकलं होतं.

पण लगेच कबूल करतील तर ते सर कसले! ते खोलीत येरझारा घालायला लागले. "सही केलीय मी," ते बायकोला म्हणाले. तिने काही विचारलंही नव्हतं. "एकदा दिलेले मार्क म्हणजे दिलेले. आता वाढवले तर लोक म्हणतील, साथीत मार्क वाटले."

"आणि नाही वाढवलेत तर काय म्हणतील, माहितीये?" बायको वाळलेले कपडे घडी करत होती, तिने मान वर केली नाही. "काही म्हणणार नाहीत. पोरं गुपचूप बसतील. तुमच्याच वर्गात शिकलीत ना गुपचूप बसायला."

सरांना ते लागलं. लागलं म्हणून ते आणखी चिडले. "तुला गणितातलं काय कळतं गं?"

"गणितातलं नाही कळत. पोरांचे आवाज कळतात. त्या उडीला किती दिलेत तुम्ही?"

उडी म्हणजे शेवटून दुसऱ्या बाकावरची मुलगी. हे नाव सरांनीच ठेवलेलं. तिला पायऱ्या लिहायचा कंटाळा. गणित वाचायची, छताकडे बघायची आणि थेट उत्तर लिहून मोकळी व्हायची. "ही आमची उडी," सर वर्गात म्हणायचे, "हिला जिने दाखवले तरी ही खिडकीतूनच जाणार." सगळे हसायचे आणि ती पण हसायची. पायऱ्या नाहीत म्हणून तिचे मार्क कापले जायचे ते वेगळे, आणि वर प्रत्येक गणितामागे तो हातचा एक.

"अठ्ठावन्न, साठ, छप्पन," सर म्हणाले. वही बघावी लागली नाही.

बायकोने घडी केलेला टॉवेल बाजूला ठेवला. "काल माझ्या फोनवर तिच्या आईचा फोन आला होता. तुमचा वर्ग चालू होता, मी म्हटलं नंतर सांगते, आणि बाई गं, विसरलेच मी. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात आहे ना. तिथल्या प्रयोगशाळेत तपासणीचं काम शिकवतात, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे म्हणे, आणि पोरीला तिकडेच जायचंय. गणितात सत्तर लागतात. मला म्हणाली, 'सरांना विचारा हो, अठ्ठावन्नात काही होण्यासारखं आहे का. नसेल तर राहू दे. येत्या सोमवारपासून तिला माझ्याबरोबर धुलाईघरात घेतायत. चादरी फार वाढल्यात.'"

सर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी बाईंना फोन लावला.

मुख्याध्यापिकाबाई कडक होत्या, पण न्यायाच्या पक्क्या. त्यांनी पत्रक वाचून दाखवलं. मार्क बदलता येतील. पण जुना पेपर पुरावा म्हणून जोडायचा, आणि तपासणीत चूक झाली असं शिक्षकाने लिहून द्यायचं. पेपर हरवला असेल तर त्या चाचणीऐवजी मुख्याध्यापकांच्या समोर तोंडी परीक्षा. "आणि एक सांगते, सर," त्या म्हणाल्या, "एकीचे वाढवलेत तर ती मेहेरबानी होईल. एक्केचाळीस जणांचे पेपर परत बघितलेत तर ती तपासणी. मेहेरबानीवर मी सही करणार नाही."

"एक्केचाळीस," सर म्हणाले. "सगळे."

ते चूक झाल्याचं पत्र लिहायला त्यांना जितका वेळ लागला, तितक्यात त्यांनी एरवी अर्धा गठ्ठा तपासला असता. आधी लिहिलं, 'माझ्या विशिष्ट पद्धतीमुळे'. बरं वाटलं वाचायला. मग 'पद्धत' खोडलं. 'धोरण' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नवा कागद घेऊन 'माझ्या चुकीमुळे' असं लिहिलं, आणि तो कागद उलटा करून ठेवला, जणू कुणी बघेल.

बुधवार आणि गुरुवार सर घरोघर फिरले. तोंडाला मुखपट्टी, हातात पिशवी. दाराची बेल वाजवायची, चार पावलं मागे सरकायचं, आणि दार उघडलं की म्हणायचं, "चाचणीचे पेपर असतील तर उंबऱ्यावर ठेवा." लोक घाबरायचे. साथीच्या दिवसांत दारात कुणी आलं तरी आतून आधी कडी लागायची, त्यात गणिताचे सर! एका घरात तर आजोबाच आत जाऊन लपले. पण पेपर मिळाले. कुणी गादीखाली ठेवलेले, कुणी माळ्यावर, एकीने त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांजरं काढलेली. एका मुलाने सरांच्या प्रत्येक नवाशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात 'अधिक एक' लिहून ठेवलं होतं, पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत. सर जिन्यात उभे राहून ते वाचत राहिले.

घरी आणलेला एकेक कागद बायको गरम इस्त्रीखालून काढायची. जंतू मरतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं की खोटं देव जाणे, पण तीन-तीन घड्या पडलेले पेपर कडक इस्त्रीचे होऊन सरांच्या टेबलावर येत होते, आणि सर प्रत्येक बरोबर गणितापाशी नवाचा दहा करत होते. पहिले पाच-सहा पेपर हात अडखळत होता. नवावर रेघ मारायची, दहा लिहायचे, शेजारी छोटी सही. विसाव्या पेपराला त्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं," ते म्हणाले, "ही मुलं चांगली आहेत."

"मग?" बायको इस्त्री फिरवत म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

उडीचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिसरा मजला, अरुंद जिना, दाराबाहेर सुतळीवर वाळत टाकलेल्या पाच-सहा मुखपट्ट्या. दार तिनेच उघडलं. मधल्या काही महिन्यांत उंच झाली होती. सरांना बघून ती चटकन एक पाऊल आत सरकली.

"पेपर दे तुझे. तिन्ही."

तिने आतून दोन आणून ठेवले. पहिला आणि दुसरा.

"तिसरा?"

"नाहीये."

"शोध. हरवला असेल तर नीट शोध, महत्त्वाचा आहे."

"हरवला नाहीये, सर. फाडला."

"फाडला? का?"

ती जमिनीकडे बघत होती, पण आवाज ठाम होता. "तुम्ही कापला, मी फाडला."

दुसरा कुठलाही दिवस असता, तर सरांनी शाळा डोक्यावर घेतली असती. आज ते जिन्याच्या कठड्याला टेकून राहिले. तिथल्या तिथे दोन्ही पेपर चाळले, मनात आकडे लावले. हातचे परत केले तर अठ्ठावन्नचे अडुसष्ट होत होते, साठचे सत्तर. तिसरा मात्र फाडलेला, म्हणजे छप्पनच राहणार. सरासरी पासष्टच्याही खाली. सत्तर गाठायचे तर तिसऱ्याला बहात्तर हवे होते.

"तोंडी परीक्षा देशील?" त्यांनी विचारलं. "उद्या, शाळेत. मोठ्या बाईंच्या समोर. दहा गणितं. बहात्तर पडले तर सत्तर होतात."

मुखपट्टीमुळे तिच्या चेहऱ्याचे दोन डोळेच दिसत होते. त्यांत क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "नको, सर."

"का?"

"तोंडीत पण एकेक कापाल."

"नाही कापणार."

"सवय आहे तुम्हाला."

"सवय आहे खरी," सर म्हणाले. "म्हणून तर मोठ्या बाईंना शेजारी बसवतोय."

आतून तिच्या आईचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा घोगरा. ती रात्रपाळी करून आलेली होती. "जा गं तू. एक दिवस जाऊन ये. धुलाईघर काय, कुठं पळून चाललंय?"

शुक्रवारी शाळेच्या मैदानावर चुन्याची वर्तुळं आखलेली होती, त्यांत उभं राहायला कुणी नव्हतं. दारातल्या पहारेकऱ्याने मुलीच्या कपाळाशी तापमापक धरलं, हातावर औषध ओतलं आणि तिला आत सोडलं. आईला तो ये म्हणाला असता, पण तीच फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. "मी दवाखान्यातली माणूस," ती तिथून ओरडून म्हणाली, "लांबच बरी." साथ सुरू झाल्यापासून लोक तिला बघून फुटपाथ बदलत होते. आता तीच आधी बदलायची.

व्हरांड्यात तीन बाकं लांब लांब मांडलेली. एकावर सर, एकावर बाई, तिसऱ्यावर उडी. कागद-पेन तिला दिलं होतं, तिने ते हातही न लावता बाजूला सरकवलं.

"एक टाकी एका नळाने सहा तासांत भरते," सरांनी सुरुवात केली, "दुसऱ्याने तीन तासांत. दोन्ही नळ एकदम सोडले तर?"

तिने छताकडे बघितलं. "दोन तास."

"कसं ते सांग. मोठ्याने, मुखपट्टीतून ऐकू येत नाही."

"एका तासात पहिला एक षष्ठांश भरतो, दुसरा एक तृतीयांश. मिळून अर्धी टाकी. तासाला अर्धी, म्हणजे दोन तास."

एवढंच होतं. पायऱ्या होत्या की तिच्याकडे, सगळ्या होत्या. कागदावर उतरत नव्हत्या इतकंच. सरांनी समोरच्या तक्त्यात मार्क लिहिला. पलीकडच्या बाकावरून बाईंनी मान उंच केली.

"सर, नऊ?"

सरांनी खाली बघितलं. खरंच नऊ लिहिला होता. हाताला कळलंच नव्हतं.

"एक कशाचा गेला?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"कशाचाच नाही," सर म्हणाले. नऊवर रेघ मारली, दहा लिहिले, शेजारी सही केली. कान तापले होते त्यांचे.

दुसरं गणित: लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार तीनशे सहा. "सतरा आणि अठरा," ती म्हणाली. "सतरा सतरा दोनशे एकोणनव्वद, त्यात आणखी सतरा." मग सरांकडे बघून घाईने म्हणाली, "समीकरण पण सांगू शकते," आणि सांगितलं. तिसरं भूमितीचं. तिथे ती अडली. हवेत बोटाने त्रिकोण काढला, पुसला, पुन्हा काढला. अर्ध्यापर्यंत आली आणि पुढचं आठवेना. सरांनी चार दिले. चौथं-पाचवं सरळ गेलं. सहावं तिने इतक्या ठामपणे चुकवलं, की बाईंनाही क्षणभर वाटलं बरोबरच आहे. सरांनी शून्य लिहिलं. शून्य द्यायला त्यांना कधीच जड गेलं नव्हतं.

मध्येच घंटा वाजली. तिघांनीही दचकून वर बघितलं. कुठल्याशा रिकाम्या वर्गात कुठलासा तास संपला होता.

"एक चादर," सरांनी सातवं घातलं, "धुतल्यावर शेकडा दहाने आटते आणि एकशे ऐंशी सेंटिमीटर उरते. आधी किती होती?"

"दोनशे. एकशे ऐंशी म्हणजे शंभरातले नव्वद, म्हणून शंभराला दोनशे." ती थांबली. "पण सर, चादरी एवढ्या आटत नाहीत. आईला विचारा हवं तर."

बाई हसल्या. सरही हसले, आणि हसता हसता दहा लिहिले. या वेळी हात आपणहून गेला. आठवं, नववं, दहावं. शेवटचं उत्तर आलं तेव्हा सरांच्या लक्षात आलं, की आपण बऱ्याच वेळापासून पेन इतकं घट्ट धरलंय की बोटं पांढरी पडलीयत.

बाईंनी तक्ता मागून घेतला, दोनदा बेरीज केली. "चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "अडुसष्ट, सत्तर आणि चौऱ्याऐंशी. सरासरी चौऱ्याहत्तर. मी सही करते."

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, आता ही उडी मारणार. नाव खरं करणार. पण मुलगी तशीच बसून राहिली.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "परत एकदा बघता का?"

"काय बघू?"

"कुठेतरी चुकून जास्त पडले असतील."

"बाईंनी दोनदा मोजलेत."

"तसं नाही, सर." ती शब्द शोधत होती. तक्रार नव्हती आवाजात, आणि तेच वाईट होतं. ती सरांना समजावून सांगत होती, जशी एखादी माहितीतली गोष्ट सांगावी. "उद्या तिकडे घेतील मला, आणि मग त्यांना कळेल. मला खरंच नाही एवढं येत. मी अठ्ठावन्नचीच आहे, सर."

बाई सही करता करता थांबल्या होत्या. सरांना गेल्या एकतीस वर्षांतली मुलं आठवली, निकालाच्या दिवशी हरखून गेलेली. आणि पहिल्यांदाच मनात आलं, की ती हरखायची ती आनंदाने, का बाहेरच्यांनी चुकून जास्त दिले म्हणून? बाहेरच्यांवर किती जणांचा विश्वास बसला असेल, आणि किती जण सरांचेच आकडे खरे धरून आयुष्यभर चालले असतील? विचारायला जावं तर आता कुणाकुणाकडे जायचं?

ते उठले. अंतर सोडून, तिच्या बाकापासून चार पावलांवर येऊन उभे राहिले.

"ऐक," ते म्हणाले. "तू अठ्ठावन्नची कधीच नव्हतीस. पहिल्या दिवसापासून नव्हतीस. मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तू ढिली पडशील. ती माझी चूक. तसं लिहूनही दिलंय मी, बाईंकडे आहे तो कागद. तुझं एक गणित आज पूर्ण चुकलं आणि एक अर्धवट राहिलं. बाकी आठांत काहीही चुकलं नाही. काहीही नाही."

"खरंच, सर?"

"तुला कधी उगाच मार्क दिलेत मी?"

तिने मान हलवली. मुखपट्टीच्या वर डोळे भरून आले होते. ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. आठ दाहे ऐंशी, आणि चार. तिच्यासारखीने बोटांवर मोजावं! पण मोजलं. मग उठली, बाकाला अडखळली, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या एकेक उतरून मैदानात गेली.

रस्त्यापलीकडून तिची आई टाचा उंचावून बघत होती. "काय गं?" तिने हाक मारली. "किती?"

"चौऱ्याऐंशी!"

आईने कानामागे हात धरला. आकडा तिला ऐकू गेला होता, पण तिचा चेहरा कोराच राहिला.

"कुणाला?" तिने विचारलं.

मुलगी फाटकाशी पोचली होती. तिने मुखपट्टी खाली ओढली, पहारेकरी ओरडला तरी ओढली.

"मला, आई!" ती म्हणाली. "मला पडले."

सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी ते शब्द ऐकले, आणि मग खाली बसून घरून आणलेला उरलेल्या पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. शनिवार दुपारपर्यंत अजून अकरा जण बाकी होते.